सासूची विहीर

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बसून वसईच्या तेरेसाने कितीतरी जणांना जग दाखवलं. स्वतः मात्र ती दोहा-मुंबई सोडून कुठे गेली नव्हती. तरी नॅक्सॉस या ग्रीक बेटाबद्दल बोलायला लागली, की समोरच्याच्या डोळ्यांवर ऊन यायचं. समुद्राकाठचा तो प्रचंड संगमरवरी दरवाजा, ज्याच्यामागचं देऊळ कधी पुरं झालंच नाही; वरचा जुना किल्ला, त्याच्या अरुंद गल्ल्या. सगळं ती माहेरचं सांगावं तसं सांगायची.

एकदा यशोधन नावाचे गृहस्थ बायकोला, नमिताला, घेऊन आले. त्यांना सगळं आधीच ठाऊक.

"दरवाजा यूट्यूबवर पाहिलाय. किल्ल्यात काय, सगळेच जातात. लोकांना माहीत नाही असं काही सांगा."

नमिता हातातली बांगडी फिरवत बसली होती. तेरेसाच्या डोक्यात किडा वळवळला.

"मग सासूची विहीर बघा, सर," ती गंभीरपणे म्हणाली. "नकाशात नाही सापडायची. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. आत वाकून आपलं नाव घेतलं, की ती आपल्याला नावं ठेवते म्हणतात."

"हां, ऐकलंय मी," यशोधन म्हणाले.

सुट्टी संपवून दोघं ऑफिसात आली, तेव्हा यशोधनांच्या नाकाची सालं निघत होती.

"विहीर पाहिली," ते म्हणाले. "ठीक आहे. लोक उगाच डोक्यावर घेतात."

तेरेसाने कॉम्प्युटरच्या आड ओठ दाबून धरले. तेवढ्यात फोन आला म्हणून यशोधन बाहेर गेले. नमिताने खुर्ची पुढे ओढली.

"तेरेसा, तिथे विहीर नाहीच आहे ना?"

"नाही," तेरेसा खाली बघत म्हणाली. "सॉरी, मॅडम. माझं चुकलंच."

"सॉरी कसलं? हे रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन डोंगरात जायचे ते तिन्हीसांजेला यायचे. मी मनसोक्त डुंबले, अंजिरं खाल्ली, किल्ल्यात एकटी भटकले. वाटेत कुणी मला काही समजावून सांगितलं नाही." तिने दाराकडे पाहून आवाज हळू केला. "पुढच्या वर्षी क्रीट बेटावर जायचंय. तिथेही काहीतरी असेल ना?"

तेरेसाचा जीव भांड्यात पडला. तिने कीबोर्ड जवळ ओढला.

"गुहा चालेल?"

"चालेल की," नमिता म्हणाली. "चढण जरा जास्त ठेव."