अक्कांनी पाहिलेला भुताचा सिनेमा

माझ्या थोरल्या जाऊबाई सगुणाबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, यांच्याइतकं भित्रं माणूस अख्ख्या माण गावात सापडायचं नाही. हे मी जावेच्या हेव्यानं म्हणत नाही, गाव साक्षीला आहे. तसं पाहिलं तर भाऊजी गेल्यावर आयटी पार्कवाल्या पोरांना खोल्या भाड्यानं देऊन त्यांनी एकटीनं संसार ओढला. टँकरवाल्याला दमात घेतात, जमिनीच्या दलालाला ओट्यावरूनच वाटेला लावतात. पण दिवेलागण झाली की निम्मा जीव जातो. अंधार पडल्यावर बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला आमच्याकडे ओ देत नसत, कारण भूत एकदाच हाक मारतं म्हणतात. आम्ही बाकीच्यांनी ते कधीच सोडलं. अक्का मात्र तिसरी हाक येईपर्यंत हूं की चूं करत नाहीत. भाडेकरू पोरंही शिकली आहेत, फाटकाशी उभं राहून ओळीनं तीनदा "काकू" म्हणतात.

अशा बाईच्या पोटी सायली. चांगल्या पगाराची नोकरी सोडून नाटकात गेली, तेव्हा घरात कुणी तिच्याशी धड बोलेना. अक्काही नाही. चार वर्षांनी पहिला सिनेमा मिळाला आणि त्यात काम कसलं, तर भुताचं.

सिनेमा लागायच्या आठवड्यात ती घरी आली. म्हणाली, "आई, बाकी कुणी बघो न बघो, तू बघ. पण डोळे मिटायचे नाहीत. नोकरी सोडून मी काय करते, ते तुला दिसायला हवं."

अक्का "व्हय" म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना.

आम्ही दुपारी तीनच्या खेळाला गेलो. दिवसाउजेडी गेलं की भीती कमी, असा अक्कांचा समज. आत शिरल्यावर कळलं की थिएटरात बारा महिने अमावास्याच. पडद्यावर नुसता दरवाजा करकरला तर त्यांनी माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. मग डोळ्यांवर पदर.

"सायली आली का गं?"

"न्हाई अजून."

"आली की सांग."

मला खरंच राग आला. पोरीनं एवढं एकच मागितलं होतं. मध्यंतरात मी सरळ म्हणाले, "अक्का, आता पदर डोळ्यांवर घेतलात तर मी सायलीला सांगनार."

भात लावायला उतरावं तसा त्यांनी पदर कमरेला खोचला.

आणि मग ती आली. ओले केस, पांढराफटक चेहरा, जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर. कथेत ही मेलेली मुलगी आपल्या आईला शोधत घरभर फिरत असते. संगीत थांबलं. मान वाकडी करून तिनं खालच्या अंधारात पाहिलं आणि हळूच हाक मारली, "आई."

पुढच्या रांगेतला पैलवानासारखा गडी खुर्चीत खाली घसरला. मागं कुणी किंचाळलं. माझेही डोळे गच्च मिटले, खोटं कशाला सांगू.

शेजारून खणखणीत आवाज आला, "ओ. हाय मी हितं."

पहिल्याच हाकेला.

मी डोळे उघडले तर अक्का ताठ बसलेल्या. लोक हसले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मागं वळून सगळ्यांना सांगावंसं वाटलं, ही माझी जाऊ आहे. शेवटची नावं सरेपर्यंत त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

बाहेर सायली थांबली होती. चेहरा उतरलेला. "खरं सांग आई, मिटले होतेस ना डोळे?"

"आदी मिटलं व्हतं. तू आल्यावर न्हाई."

"भीती नाही वाटली?"

"लई वाटली. ह्ये बग, हात अजून कापत्यात." अक्कांनी तेच कापरे हात लेकीच्या गालांवर ठेवले. "पर समदं थेटर डोळं मिटून बसलं व्हतं. मीबी मिटलं असतं, तर माज्या लेकीकडं बगायचं कुनी?"