सुतळीवरचे कच्चे काठ

स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. धुळ्याच्या एका कापडगिरणीत लुगड्यांचे काठ काढणाऱ्या डिझाइन खात्यात मी होतो. आम्ही पाच जण. पावसाळ्याच्या शेवटी माझी बायको पाचोऱ्याला माहेरी असताना विषमज्वराने वारली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेरावं उरकून मी कामावर परत आलो.

टेबलाशी बसलो, चौकड्यांचा कागद पुढे घेतला, पेन्सिलीला टोक केलं. काहीच उमटेना. दुःख होत होतं असंही नाही. हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा कागदावर पडून होता. आठ दिवस मी नुसती टोकं करत राहिलो.

रिकामं बसलेलं दिसू नये म्हणून इतरांचं काम बघू लागलो. तेव्हा खात्यातला घोळ लक्षात आला. जो तो आपला कागद पालथा घालून काम करायचा. दोघे एकच कोयरी काढत बसायचे आणि ते कळायचं मॅनेजरच्या टेबलावर. पुरा झालेला काठ खाली मागावर गेला की तिथला मुकादम, जॉबर, तो विणता येत नाही म्हणून परत पाठवायचा. पंधरा दिवसांची मेहनत केराच्या टोपलीत जायची.

मी भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली. रोज सकाळी ज्याचं जेवढं झालं असेल तेवढं त्याने टाचणीने तिथे लावायचं, पंधरा मिनिटं सगळ्यांनी उभ्याने बघायचं, बोलायचं, आणि जॉबरलाही तेव्हाच वर बोलवायचं, असं ठरवलं. मॅनेजर म्हणाले, "करून बघा."

चाचा तयार होईनात. ते खात्यातले सर्वांत जुने. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या छपाईचे लाकडी ठसे कोरायचे. "कच्चं काम लोकांना दाखवायचं?" ते म्हणाले. "अर्धी दाढी झालेल्या माणसाला चौकात उभं करतोस, बेटा."

मी वाद घातला नाही. तेवढी ताकदच नव्हती. दुसऱ्या दिवशी जॉबर वर आला, सुतळीवरच्या एका काठापुढे थांबला आणि म्हणाला, "हाई मागवर बसाव नही, भाऊ. बठ्ठं फूल मोडी जाई." सगळं फूल मोडणार म्हटल्यावर ज्याचा काठ होता त्याने तिथेच पाकळ्या कमी केल्या. काम दहा मिनिटांत आटोपलं. चाचा लांबून बघत होते. त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी स्वतःचा कागद आणून लावला, थोडासा वाकडाच.

दिवाळीपर्यंत टोपलीत कागद पडायचे जवळजवळ थांबले. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी हात जोडले. ते ज्याच्याबद्दल बोलतायत त्याच्याशी माझा काही संबंध आहे असं वाटलं नाही.

एका सकाळी बघणं संपल्यावर बाकीचे आपापल्या जागी गेले. चाचा सुतळीपाशीच उभे राहिले.

"सगळ्यांचे कागद आहेत. तुझा कुठे आहे?"

"मी व्यवस्था बघतो ना, चाचा."

"ते दिसतंय. मी तुझ्या कागदाचं विचारतोय."

मी म्हणालो, "काढता येत नाही."

घरच्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं. चाचांनी मान हलवली. दुपारी स्वतःचा एक वेलीचा काठ आणून माझ्या टेबलावर ठेवला. "माझे डोळे आता दुखतात. चौकड्या तू भर. तुला सुचायला काही नको."

मी भरू लागलो. एक चौकडी लाल, दोन रिकाम्या, एक लाल. महिनाभर तेच केलं. बरं वाटत नव्हतं, पण दिवस जात होता. पुढे एकदा वेलीच्या वळणावर हात थांबला. तिथलं पान फार जड वाटत होतं. न विचारता मी ते बारीक केलं, टोक जरा खाली झुकवलं.

दुसऱ्या दिवशी तो काठ सुतळीवर लागला. चाचांनी पान पाहिलं. "हे कुणी केलं?"

"मी. चुकलं असेल तर खोडतो."

"राहू दे," ते म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले.

ते लुगडं निघालं, विकलंही गेलं. पुढच्या वर्षी नजर अगदीच अधू झाली म्हणून चाचा घरी बसले आणि खातं माझ्याकडे आलं. जळगावच्या एका गिरणीने आमची पद्धत शिकवायला मला बोलावलं. तिथल्या एकाने विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

माझा स्वतःचा हात चालत नव्हता, हे खरं कारण माझ्या ओठांशी आलं होतं. मी म्हणालो, "कागद फार वाया जात होता," आणि सुतळीसाठी खिळे कुठे ठोकायचे ते त्याला दाखवू लागलो.