आईची पानगळ

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरते आहे. माझे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. वाळलेल्या पिंपळपानांचा मातकट वास आला, की संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी दुमदुमणारी भोईवाड्यातली आमची चाळ मला आठवते. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. वडिलांनी कोनाड्यातले देव समुद्रात सोडले होते, तरी आईचा हात रोज पहाटे तिथवर जाई आणि रिकामाच परते. जुनी आरती तिने सोडली होती, नवी वंदना ओठांवर बसत नव्हती. "आतून कोरडी झालेय मी," असे वडिलांना सांगून तिने वंदनेला बसणेच बंद केले. शेजारची मालवणी मावशी चिडवी, "काय गो, आता कोणाक हाक मारतलस?" फाल्गुन सरता सरता एका सकाळी चाळीमागचा बोडका पिंपळ तांबूस पालवीने झळाळला. नळावर कळशी ठेवून आई वर पाहतच राहिली. "अगो, पाणी जातला!" मावशी ओरडली. "जाऊ दे," आई म्हणाली. त्या संध्याकाळी ती आपण होऊन वंदनेला बसली, अडखळत शेवटापर्यंत गेली, आणि सवयीने मेणबत्तीवर तळवे धरून तिने ती ऊब आरतीसारखी माझ्या तोंडावरून फिरवली. "अगं, हे आता आपलं नाही," वडील म्हणाले. "हात तर माझेच आहेत," ती म्हणाली. मग वडिलांनीही मान पुढे केली. आता माझेही मन कधी कधी महिनोन् महिने तसेच कोरडे राहते. अशा दिवसांत तुम्ही काय करता?