बासष्टावा मार्क

मार्क देताना इतका हात आखडणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका एम.ए.ला माझा गाइड म्हणून माझ्या नशिबी आला. शेजारच्या विभागात लघुप्रबंधाला नव्वदच्या खाली कुणी उतरत नसे. तिथल्या मुली निकालाच्या दिवशी पेढे वाटत, आणि आम्ही समाजशास्त्राची मंडळी ते मुकाट्याने खात असू. सरांच्या लेखी शंभर ही छापील कागदावरची सोय होती. माणसाचा पल्ला साठापर्यंत. बरं, हे पेपरांपुरतं असतं तर निभावलं असतं. चंद्रपूरला कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाला त्यांनी पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस दिले. टपरीवाले भाऊ आधी चिडले, मग इरेला पेटले. आलं वाढवलं, दूध बदललं आणि काही वर्षांनी चोपन्नवर पोचले. "सर, आता तं पंचावन करा," ते गयावया करत. सर शांतपणे घोट घेऊन म्हणत, "साखर कमी करून पाहा." त्यांच्या पत्नीच्या पुरणपोळीला एकदा साठ मिळाले, तेव्हा त्या माउलीने शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं. मार्क नेहमी पेन्सिलने लिहीत. "आपलंबी चुकू शकते," हे कारण. मात्र त्यांच्याजवळ खोडरबर कुणी कधी पाहिलं नव्हतं.

याहून भयंकर म्हणजे त्यांचं 'वाचन'. ज्या गावावर लघुप्रबंध लिहिला, त्याच गावात, त्याच लोकांसमोर तो मोठ्याने वाचायचा, मगच मार्क. सर मागे बसून ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत. माना डोलल्या तर ठीक, जांभया आल्या तरी माफ, पण लोक हसले की मेलात. "परीक्षक ते हायेत," सर म्हणत. "मी नुसता कारकून."

माझा विषय मोहफुलं वेचणाऱ्या बायका. मी मूल गावची, राइस मिलच्या भोंग्यावर वाढलेली. जंगलातलं ते गाव एसटीने तासाभरावर, पण गेले दोनदाच, तेही दिवाळीनंतर, दुपारी. प्रश्नावली भरली, चहा प्याले, परत आले. मोह पडतो चैत्रात, आणि तोवर थांबायला कुणाला वेळ होता? उरलेलं मी मनाने लिहिलं. मला पंचावन्न हवे होते. त्याखाली पीएच.डी.चं दार बंद, आणि दहावीपासून मला कॉलेजात शिकवायचं होतं. दुसरं काही ठरवलेलंच नव्हतं.

गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर वाचन झालं. मी खणखणीत आवाजात वाचलं, "पहाटे महिला झाडावर चढून मोहाची फुले तोडतात." मग जो हशा उसळला! एक म्हातारी बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "वं पोरी, मोहा कोणी तोडते का? तो तं सोताच पडते. आमी खाली बसून वेचतो."

या मुलखात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही असणार. पण कागद हातात आला की माणसाला वाटेल ते सुचतं. सरांनी पहिल्या पानावर लिहिलं : ४२.

परतीच्या एसटीत मी रडले. सरांनी फुटाण्यांची पुडी पुढे केली. "रडण्याले पन्नास," ते म्हणाले. "ते खरं होतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चैत्रात जा. त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी राह्य. जमा करायची तारीख मी पाहतो."

चैत्रात आठ दिवस राहिले. उजाडायच्या आधी बायकांच्या टोळीसोबत निघायचं, वाघाला चाहूल लागावी म्हणून मोठमोठ्याने बोलत राहायचं, आणि झाडाखाली उकिडवं बसून ऊन चढेपर्यंत वेचायचं. कंबर मोडून गेली. फुलं मात्र टपटप पडतच होती. दुसऱ्या वाचनाला कुणी हसलं नाही. म्हातारी म्हणाली, "हे आमचंच हाय." सरांनी थुंकी लावलेल्या बोटाने बेचाळीस घासले, कागदाला भोक पाडलं आणि शेजारी एकसष्ट लिहिले. विभागात तोवर एवढे कुणाला मिळाले नव्हते. मला चेव चढला. "सर, बासष्ट काऊन नाई?"

"एक माह्याजवळ राहू दे. तू शिकवाले लागशील तवा पाहू."

आता मी गडचिरोलीत शिकवते. सर निवृत्त होऊन चिमूरला असतात, बिनसाखरेचा चहा पितात आणि त्याला चाळीस देतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले. म्हटलं, "सर, माझ्या एका विद्यार्थ्याच्या वाचनाला गाव हसलं. मी चाळीस दिले. स्टाफरूममध्ये सगळे माझ्यावर नाराज आहेत, तो पोरगा तर बोलतच नाही. माझं चुकलं का?"

सरांनी कप खाली ठेवला. "त्याले परत घेऊन जाशील?"

"चैत्रात. मीच सोबत जाणार आहे. तारीखही वाढवून घेतली."

त्यांनी खिसा चाचपून पेन्सिल काढली. वर्तमानपत्राच्या कडेला ६२ लिहिलं आणि तो तुकडा फाडून माझ्या हातात दिला. "घे आपला."

तो तुकडा माझ्या पर्समध्ये असतो. अक्षर पुसट होत चाललंय, पण त्यावर पेन फिरवायचा मला धीर होत नाही. मार्क पेन्सिलचे आहेत. सरांना केव्हाही खोडता येतील. खोडायला ते पुष्कळ वर्षं असावेत, एवढंच वाटतं.