खाली वाचा

“असहमत. कारणे खाली,” असे समासात पेन्सिलीने लिहून ते प्रुफाचा कागद माझ्याकडे सरकवत. कसबा पेठेतल्या आमच्या लहानशा प्रकाशनात ते वीस वर्षे प्रुफे तपासत होते. लेखक कितीही मोठा असो, कारण दिल्याशिवाय त्यांनी कधी त्याचा शब्द खोडला नाही.

निवृत्तीनंतर मीच त्यांना एका मराठी चर्चास्थळावर नेले. अशी स्थळे तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक मताखाली दोन बाण, पसंतीला वरचा, नापसंतीला खालचा. नापसंती वाढली की मत आपोआप मिटते, मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाही. सकाळी मंडईतून भाजी आणली की ते फोन घेऊन बसत आणि ऱ्हस्व-दीर्घावर सावकाश, सभ्यपणे लिहीत.

कुणी कोणता बाण दाबला, ते तिथे नावासकट दिसते. एकाने नावे तपासली. ते ज्याला उत्तर देत, त्याला आधी खालचा बाण! “गोड बोलून गळा कापणारा म्हातारा,” असे त्याने लिहिले. त्यावर पसंतीचा पाऊस.

मी त्यांच्या घरी गेलो.

“अहो, तो बाण कशाला दाबता?”

“म्हणजे? माझे उत्तर खाली आहे, हे त्यांना कळायला नको?”

“आणि वरचा?”

“वर त्यांचेच लिखाण असते. ते त्यांना पाठ असते.”

मी हसलो. मग खरा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी माफी लिहिली. दोन ओळी, वेलांटीचीही चूक नाही. दुपारपर्यंत ती मिटली. मिटलेले मत कुणी उघडून वाचत नाही, बाण मात्र मारता येतो. उष्ट्या पत्रावळीवर माश्या बसाव्यात तसे लोक येऊन मारून जात होते.

“आपण मला ओळखता. एक ओळ लिहाल?” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितले ते एवढेच.

“लिहितो,” म्हणालो. लिहिले नाही. त्यांची बाजू घेणाऱ्या एका बाईंचे मतही मिटले होते, आणि मला माझ्या नावापुढे जमलेले पसंतीचे गुण जपायचे होते.

पुढे भेटलो तेव्हा मीच चाचरत विषय काढला. “राहू द्या हो. ते काही छापून येत नाही,” एवढेच ते म्हणाले. तिथे त्यांनी पुन्हा लिहिले नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. स्मशानात जाण्याआधीच मी तिथे बातमी टाकली आणि बाणाची हकीकतही लिहिली, आता. ‘गळा कापणारा’ म्हणणाऱ्यानेच सर्वांत आधी लिहिले, “सज्जन माणूस हरपला.” त्यालाही पसंती. माझ्या मजकुराला तर इतकी, की मला आजवर कधी मिळाली नव्हती.

स्मशानातून परतताना तो आकडा पाहायला मी दोनदा फोन उघडला.