झापोतेकचे आवाज किती

"तीन आवाज पुरतील," अंजलीने मीटिंगमध्ये सांगितलं. "गेनाऊ! अगदी बरोबर!" आमच्या बॉस केलरबाई खूश झाल्या. मी आठ सांगितले होते.

जर्मनीतल्या वाल्डॉर्फजवळच्या आमच्या छोट्या कंपनीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनतं. मेक्सिकोतल्या एका क्लायंटला औषधांच्या सूचना पेशंटना झापोतेकमध्ये ऐकवायच्या होत्या. झापोतेक ही तिकडच्या ओतोमांगे कुळातली आदिवासी भाषा. नाव एक, पण डोंगरातली, दरीतली, किनाऱ्याकडची बोली इतकी वेगळी की या गावचं त्या गावाला कळेलच असं नाही. प्रत्येक बोलीला वेगळा आवाज, वेगळं रेकॉर्डिंग, म्हणजे खर्चही वेगळा. या प्रोजेक्टचा लीड अजून ठरायचा होता. मेक्सिकोला तोच जाणार. अठरा वर्षं इथे काढल्यावर ते पद मला हवं होतं. अंजलीला पुण्याहून येऊन दोनच वर्षं झाली होती.

"अहो, जेवताना तरी त्या अंजलीला बाजूला ठेवा," ही म्हणाली.

अंजलीने ज्या टेस्टवरून तीन आकडा काढला होता, ती मी पुन्हा तपासली. तिने दरीतलं रेकॉर्डिंग डोंगरातल्या लोकांना व्हिडिओ कॉलवर ऐकवलं होतं आणि विचारलं होतं, "समजलं का?" सगळे हो म्हणाले होते. परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्यांनाही जड जातं.

मी तीच माणसं, तोच दुभाषी घेतला. प्रश्न फक्त बदलला: "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" बहुतेकांना सांगता येईना. एक आजी हसल्या. "बाई बोलली गोड. काय बोलली, देव जाणे."

त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोन केक खाल्ले.

पुढच्या मीटिंगमध्ये सगळं स्क्रीनवर मांडलं. अंजली हळूच म्हणाली, "दादा, आधी मला सांगायचं ना."

सांगितलं असतं तर तिने दुरुस्त केलं असतं. हे अर्थातच मी बोललो नाही.

केलरबाईंनी मान डोलावली. "फार बारकाईचं काम. आल्झो, तर मग अंजली, तू तिकडे जाऊन गावोगाव हीच टेस्ट घे. तुझं स्पॅनिश चांगलं आहे. लीड तूच."

"आणि मी?"

"तुम्ही इथून तिचं प्रत्येक रेकॉर्डिंग तपासा. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

शेवटी सात आवाज लागले. माझा आकडा जवळचा होता. अंजलीने तिकडून डोंगरातले फोटो पाठवले, मी इथे हेडफोन लावून बसलो होतो.

दुसऱ्याची चूक इतकीही नीट सिद्ध करू नये, की चुका शोधणं हीच आपली नोकरी होऊन बसेल.