पुस्तकात नसलेली चप्पल

"पुस्तकात असं नाहीये," हे ताईंचं ठरलेलं वाक्य. पुस्तकावरून केलेला सिनेमा लागला, त्यातही खुनाबिनाचा, की त्या आधी पुस्तक मिळवून वाचायच्या आणि मग थिएटरात माझ्या शेजारी बसून दर दहा मिनिटांनी हे कुजबुजायच्या. पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायचे. त्यांचं तिकडे लक्ष नसायचं. एकदा बाहेर पडताना म्हणाल्या, "खुनी तोच ठेवलाय, पण त्याची भीती काढून टाकली. भ्यालेला खुनी जास्त वाईट असतो गं."

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एका मंत्रालयात अनुवादक होत्या आणि फावल्या वेळात खुनाच्या कादंबऱ्या लिहायच्या. लग्न केलं नव्हतं. अख्खा ब्लॉक त्यांना ताई म्हणायचा, समोरची पंजाबी शेजारीणसुद्धा. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, कडी लावली की तीनदा ओढून बघणारी. स्वयंपाकघरात पाल दिसली की त्यांचा मला फोन यायचा. मी झाडू घेऊन वर जायचे.

"तुमच्या पुस्तकात तीन मुडदे पडलेत, ताई," मी म्हणायचे.

"ते मी पाडलेत. पाल मी सोडलेली नाही."

त्यांच्या एका कादंबरीवर सिनेमा करायचं ठरलं. गोष्ट साधी होती. लहान गावातला एक इंजिनिअर बायकोला गच्चीवरून ढकलतो आणि ती चक्कर येऊन पडली असं सगळ्यांना पटवतो. कंपनी गुरुग्राममधली, चौदाव्या मजल्यावर ऑफिस. ताईंना लिफ्टची धास्ती, म्हणून मला सोबत नेलं.

तिथं पटकथा लिहिणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. तिनं एक प्रसंग नव्यानं घातला होता. बाई खाली पडते, पण तिची एक चप्पल गच्चीवरच राहते. नवरा ती उचलतो, शांतपणे जिना उतरतो, तिच्या पायात घालतो आणि मग आरडाओरडा करतो.

"ॲक्टर के हाथों को कुछ काम चाहिए था, मॅम," ती म्हणाली.

ताईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "रखिए. अच्छा है."

परतताना कॅबमध्ये त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. त्यांची मोठी बहीण अशीच गेली होती, गच्चीवर पापड वाळत घालताना. चक्कर आली, असं दाजी म्हणाले. ताईंना ते कधीच पटलं नाही. "पुरावा नव्हता. म्हणून कादंबरी लिहिली," त्या म्हणाल्या.

"दाजींनी वाचली?"

"ते पुस्तकं वाचत नाहीत."

हिवाळ्यात ट्रेलर आला. पुढच्याच आठवड्यात, एका रविवारी दुपारी, ताईंचा फोन आला. "पाल आहे. जरा वर येतेस?" आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. मी झाडू घेऊन गेले, तर सोफ्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसलेले. स्वेटर काढून, नीट घडी करून मांडीवर ठेवलेला. ताईंनी ओळख करून दिली. दाजी. सरकारी कामासाठी दिल्लीला आले होते, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात उतरले होते. त्यांनी मला माझं माहेर कुठलं ते विचारलं. बोलणं अगदी मऊ.

मी चहा टाकायला आत गेले. दार उघडंच होतं. बाहेर मोबाइलवर ट्रेलरचं संगीत वाजलं आणि बंद झालं.

"ही चप्पल," दाजी म्हणाले. "हे तुला कुणी सांगितलं?"

मी गॅस बंद केला. चहाच्या उकळण्यात पुढचं ऐकू आलं नसतं.

"पिक्चरवाल्यांनी घातलंय, दाजी."

"पुस्तकात नाही. परवा आणून वाचलं, दोनदा. मग पिक्चरवाल्यांना कुणी सांगितलं? ऋतूनं?"

ऋतू ही त्यांची मुलगी. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती. आता पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकत होती.

"बुधवारी घरी येतेय ती," दाजी म्हणाले. "मीही तोवर पोचतो. विचारतो तिला."

म्हणजे चप्पल खरीच होती. या माणसानं आपण काय बोलून बसलो हे ओळखलं होतं की नाही, कुणास ठाऊक. ताईंनी मात्र ओळखलं होतं. मी दाराशी आले. त्या दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसल्या होत्या.

"ऋतूला काय माहीत असणार?" त्या म्हणाल्या. "शेजारच्या गच्चीवर एक माणूस होता. टाकी साफ करायला चढलेला. त्यानं पाहिलं. नंतर मला येऊन सांगितलं. मी ते वकिलाकडे लिहून ठेवलंय. ऋतूला काही झालं, मला काही झालं, तर तो कागद पोलिसांकडे जाईल."

दाजींनी डोळे बारीक केले. आठवत असावेत. "टाकी त्या बाजूला नव्हती," ते हळूच म्हणाले.

"होती, दाजी."

त्यांनी स्वेटर घातला, गुंड्या लावल्या, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. चहाला थांबले नाहीत. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली तोवर आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. ताईंना कडी लावता येईना. मी लावली.

"होता असा माणूस?"

"नाही गं. पण आता ते त्याला शोधत बसतील. तेवढा वेळ मिळाला."

त्यांनी लगेच ऋतूला फोन केला. घरी जाऊ नकोस, मिळेल त्या गाडीनं इकडे ये, एवढंच म्हणाल्या. "येते, मावशी," ती म्हणाली. का, असं तिनं विचारलं नाही. त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटली.

ती आली. दोन दिवस फारसं बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "मावशी, ते ट्रेलरमधलं. मी जिन्यात होते. पप्पा आईची चप्पल हातात घेऊन खाली येत होते. मला म्हणाले, आत जा, अभ्यास कर. मला वाटलं, आई विसरली असेल."

ताईंचे हात थांबले. "कधी बोलली नाहीस, बाळा."

"कुणी विचारलंच नाही. मग कळायला लागलं, तेव्हा त्यांच्याबरोबरच राहायचं होतं ना मला."

ताई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. बेसिनला धरून उभ्या होत्या. "मी अडीचशे पानं लिहिली," त्या म्हणाल्या, "आणि या पोरीला एक प्रश्न विचारला नाही."

तक्रार द्यायला गेलो, तर आधी विचारणा झाली, हे सिनेमाच्या पब्लिसिटीसाठी तर नाही ना? मग ऋतूचा जबाब घेतला गेला. त्यानंतर माझी पाळी. "आपण सरकारी नोकरीतली माणसं, कशाला यात पडायचं?" माझे यजमान म्हणाले. मला त्यांचं चूक वाटलं नाही. दाजींनी मला माझं माहेर विचारलं होतं आणि मी गावाच्या नावासकट सांगितलं होतं, हे मनातून जात नव्हतं. दोन दिवस दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघायचे. तिसऱ्या दिवशी मी जे ऐकलं ते लिहून सही केली. यजमान बाहेर गाडीत बसून राहिले. पण दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप त्यांनीच आणलं.

खटला अजून चालू आहे. दाजी जामिनावर आहेत. मधे सिनेमाही लागला. ताई गेल्या नाहीत, मी गेले. चपलेचा प्रसंग आला तेव्हा शेजारचा मुलगा पॉपकॉर्न खाता खाता मैत्रिणीला म्हणाला, "ऐसा थोड़ी होता है, यार." मी उठून बाहेर आले.

ताईंनी बदली मागून घेतली आणि ऋतूला घेऊन गेल्या, दक्षिणेत कुठंतरी. शहर मलाही सांगितलं नाही. "तुला माहीत नसलेलं बरं. कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागणार नाही," म्हणाल्या. फोन येतो कधीतरी, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. लिहिणं बंद आहे, असं सांगतात.

त्या गेल्या त्या दिवशी मी निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला गेले होते. सामान लावून खाली उतरले, पाण्याची बाटली घेऊन पुन्हा डब्यात चढले. तेवढ्यात ऋतूला झोप लागली होती, ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून, तोंड किंचित उघडं. ताई डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघत होत्या. मी बाटली ठेवली आणि सांभाळून राहा म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पोर कितीतरी दिवसांनी झोपली होती. मी खाली उतरले.